‘माझ्या एका मित्राला विचारायचंय’

फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा मित्राचा असतो. “सर, माझा एक मित्र आहे. त्याला मुली आवडत नाहीत. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न ठरलंय. त्यानं काय करावं?” मी विचारतो, कसा आहे तो? झोप लागते का त्याला? जेवतो का नीट? पलीकडून तपशील येऊ लागतात. कधीतरी बोलण्याच्या ओघात ‘तो’ गळून पडतो आणि त्याच्या जागी ‘मी’ येतो. हा बदल मी कधीही बोलून दाखवत नाही. नव्या स्वयंसेवकांना आम्ही सगळ्यात आधी हेच सांगतो, की मित्राला मित्रच राहू द्या. जी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडतेय, तिला थोडा आडोसा लागतो.

पुण्यात समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स माणसांनी स्वतःच चालवलेल्या एका छोट्या गटात मी बरीच वर्षं आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी फोन घ्यायचे, महिन्यातून एका रविवारी एकत्र बसायचं, एवढंच कामाचं स्वरूप. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेलो नाही, नोकरी हिशेबाची. पण मी स्वतः गे आहे आणि तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलोय. “घरी चहापोह्याचे कार्यक्रम सुरू झालेत” असं कुणी म्हणालं की पुढचं सगळं मला ठाऊक असतं. (इथे येणारी माणसं कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.)

असले प्रश्न मराठीतून विचारले जाऊ लागले त्याला आता शतक होत आलं. र. धों. कर्व्यांनी १९२७च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली निधन होईपर्यंत नेटानं चालवलं. वाचक त्यांना खासगीतल्या शंका लिहून पाठवत आणि कर्वे मासिकातून उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दलच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. त्या खटल्याबद्दल आता बरंच लिहिलं जातं. मला मात्र ती पत्रं लिहिणाऱ्यांचा विचार सोडत नाही. दाराला कडी लावून लिहिलेलं ते पत्र, पोस्टमनला अक्षर ओळखू येईल ही भीती, पुढचा अंक येईपर्यंतचे आठवडे. गावात वैद्य असेल, तालुक्याला डॉक्टरही असेल. पण विचारावं असं माणूस मुंबईतला एक अनोळखी संपादक होता. त्याला कितीही विचारलं तरी तो हसणार नाही, याची खात्री छापील अंकांतून आलेली होती.

मला ती खात्री देणारं कुणी विशीत भेटलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरच्यांनी मला जिल्ह्याच्या ठिकाणी एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलून वडिलांना आत बोलावलं. गोळ्या लिहून दिल्या, वर्षभर घ्यायला सांगितल्या आणि “मग लग्न उरकून टाका, सगळं सुरळीत होतं” असं म्हणाले. त्या गोळ्यांनी मला दिवसभर गुंगी असायची, जीभ जड व्हायची, पुस्तकातली ओळ डोक्यात शिरायची नाही. परीक्षेचं वर्ष वाया गेलं. वडिलांनी त्या औषधांसाठी द्राक्षाच्या पैशातून किती काढले ते मी नंतर त्यांच्या वहीत पाहिलं. त्यांनी मला शिक्षा म्हणून तिथे नेलं नव्हतं. मुलगा आजारी आहे असं त्यांना सांगण्यात आलं आणि आजारी मुलासाठी बाप जे करतो ते त्यांनी केलं.

यातला माझा सल असा, की मी तेव्हा आजारी नव्हतोच, आणि हे तोवर ठरूनही गेलेलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं १७ मे १९९० रोजी तेच केलं. ही बातमी जिनिव्हाहून सांगलीच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात पोचायला किती वर्षं लागावीत? भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं, की हा आजार नाही. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे मदुराईहून पळून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण आलं. आपल्याला हा विषय कळत नाही असं त्यांनी उघड सांगितलं, स्वतः एका मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन तो समजून घेतला आणि मग ‘बरं करण्याच्या’ उपचारांवर बंदी घालायला सांगितली. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं जाहीर केलं. एवढ्यानंतरही आम्हाला फोन येतात, की इंजेक्शनांचा कोर्स सांगितलाय, घेऊ का? कुठे देवऋषी असतो, कुठे नुसता “व्यायाम कर, गरम खाऊ नकोस” असा सल्ला. नाही, घेऊ नकोस, एवढं मराठीत ठामपणे सांगणारा आवाज अजूनही हवाच आहे.

नोकरीच्या निमित्तानं मी मुंबईला गेलो. तिथे अशोक राव कवी यांनी १९९०मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं होतं आणि १९९४मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला होता. सांताक्रूझला, वाकोल्यात, महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्यांची जागा होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, म्हणजे उठून जाता येईल. आत गंभीर काहीतरी चाललं असेल अशी माझी कल्पना होती. तर लोक रेशनकार्डावर नाव कसं चढवायचं आणि कुणाच्या बहिणीच्या लग्नाला काय न्यायचं यावर बोलत होते. कुणीतरी “कुठला रे तू?” म्हणून विचारलं. सांगलीचा म्हटल्यावर मिरजेचा एक जण खुर्ची सरकवत शेजारी आला. तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला आणि वाटेत त्यानं, मिरज-सांगलीतल्या कुठल्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही आणि कुठल्या डॉक्टरांशी खुशाल बोलावं, हे नावानिशी सांगितलं. मानसिक आरोग्याची मला मिळालेली पहिली खरी सेवा ती.

या संस्थांच्या खोल्या ज्या पैशातून उभ्या राहिल्या त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मी हिशेबाचा माणूस असल्यानं माझं लक्ष तिथे जातं. सरकारला आमची आठवण झाली ती एचआयव्हीमुळे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून समलिंगी पुरुषांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी प्रकल्प मिळाले, ‘ड्रॉप-इन सेंटर’ म्हणजे केव्हाही येऊन बसता येईल अशा खोल्या सुरू झाल्या, त्यांच्यातल्याच मुलांना ‘पीअर एज्युकेटर’, म्हणजे आपल्या सोबत्यांना माहिती देणारे, म्हणून मानधन मिळू लागलं. त्या कामानं असंख्य जीव वाचवले आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण महिन्याच्या अहवालातले रकाने बघा. नवे संपर्क किती, कंडोम किती वाटले, रक्ततपासण्या किती झाल्या. ज्याच्या जोडीदाराचं काल लग्न लागलं तो मुलगा दुपारभर त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि एक पीअर एज्युकेटर त्याच्या उशाशी बसून होता. हे लिहायला रकाना नव्हता. रकाना नाही म्हणून पगार नाही, प्रशिक्षण नाही, रजा नाही. तरीही ते काम झालं, कारण खोलीत आलेल्या माणसाला नुसती पाकिटं देऊन परत पाठवणं कुणाला जमलं नाही.

या व्यवस्थेत बायका तर मोजल्याच गेल्या नाहीत. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला एचआयव्हीचा धोका कमी, म्हणून तिच्यासाठी प्रकल्प नाही, जागा नाही. मुंबईत १९९५मध्ये ‘स्त्रीसंगम’ सुरू झालं, त्याचंच पुढे ‘लेबिया’ झालं. तो गट मैत्रिणींनी आपापल्या खिशातून आणि वेळातून चालवला. आमच्याकडेही बायकांचे फोन कमी येतात. याचा अर्थ बायका कमी आहेत असा लावणाऱ्यांचा मला राग येतो. घरातला फोन भाऊ तपासतो, नवरा तपासतो. मिस्ड कॉल येतो, मग आमची एक ताई परत फोन करते आणि दुसऱ्या कुणी उचलला तर “शिवणक्लासमधून बोलतेय” म्हणते. एका मुलीशी ती महिनोन्‌महिने ब्लाऊजच्या मापांच्या आडून बोलत होती. छत्तीस म्हणजे आज बरं आहे, चौतीस म्हणजे नाही, असं त्यांचं ठरलेलं. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचंच तसं झालं. गच्चीवरून, न्हाणीघरातून, नळ सोडून ठेवून लोक बोलायचे.

आधाराच्या या परंपरा ट्रस्टांहूनही जुन्या आहेत. आमच्या गावाला एक जोगता यायचा. देवीला सोडलेला, डोक्यावर यल्लमाचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, सोबत चौंडकं वाजवणारा. बाया जोगवा वाढायच्या, पाया पडायच्या, आणि तो वळला की पोरं त्याच्या चालीची नक्कल करायची. मी जरा जास्त मुरडलो की आजी दटावायची, “असा नाचू नकोस, देवीला सोडावं लागंल.” पुरुषाच्या देहात बाईपण घेऊन जगणाऱ्याला दक्षिण महाराष्ट्रानं तेवढी एक वाट ठेवली होती. त्या वाटेवर देवीचा मान होता आणि भीकही होती. हिजड्यांच्या घराण्यांतही असंच. घरातून हाकललेल्या पोरीला गुरू अंथरूण देते, नाव देते, आजारपणात उशाशी बसते आणि मेल्यावर मागचं सगळं करते. त्याचबरोबर कमाईतला वाटा घेते आणि सोडून जायचं म्हटलं की दंड लावते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी ट्रान्स मुलींचं दुःख या दोन घरांमधलं असतं. आईचं घर सुटलंय, गुरूचं घर सोसत नाही. त्यांना “गुरूला सोड” म्हणणं सोपं असतं, पण मग रात्री त्यांनी पाठ कुठे टेकायची याची सोय सल्ला देणाऱ्याकडे असावी लागते.

इलान मायर या अमेरिकी संशोधकानं २००३ साली अल्पसंख्याकांच्या ताणाविषयी केलेली मांडणी मी वाचली तेव्हा वाटलं, अरे, हे तर आमच्या रविवारच्या बैठकीत चाललेलं असतं. त्याचं सांगणं थोडक्यात असं: समलिंगी माणसांत नैराश्य आणि चिंता जास्त दिसते ती त्यांच्या समलिंगी असण्यातून येत नाही. अपमान, अपमानाची सतत धास्ती, लपवाछपवी आणि लोकांचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणं, यांचा रोजचा भार त्यामागे असतो. सोमवारी ऑफिसात “सुट्टीत काय केलंस?” असं कुणी सहज विचारतं. जोडीदारासोबत भाजी आणली, त्याच्या आईला दवाखान्यात नेलं, हे सांगायचं नसतं. म्हणून एक मैत्रीण रचायची, तिची आई रचायची आणि काय रचलं होतं ते मंगळवारी लक्षात ठेवायचं. वर्षानुवर्षं. त्यात आता ॲपवर भेटायला बोलावून, फोटो काढून, “घरी सांगू का?” म्हणत पैसे उकळणाऱ्या टोळ्यांची भर पडलीय. कलम गेलं, पोलिसांत जाता येतं, हे सांगितलं तरी मुलगा म्हणतो, “दादा, पोलीस घरी फोन करतील ना.” त्याची भीती खरी असते. अशा वेळी आमच्यातलं कुणीतरी चौकीत सोबत जातं, आणि बऱ्याचदा माणूस सोबत आहे म्हणूनच तक्रार लिहिली जाते.

अशिक्षित सहानुभूतीनं नुकसानही होऊ शकतं, ही शंका तज्ज्ञ घेतात आणि ती मला मान्य आहे. ऐकणं शिकावं लागतं. आमच्या शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत हेच तपासून पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांमुळे नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांना सरकारी केंद्रांत फायदा होतो, हे त्यांच्या २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मुंबईत ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ उलट बाजूनं काम करतं. तिथे क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसं शिकवतात आणि समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ शिकतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरून समुपदेशन करणारी सेवा २०१२पासून आहे. बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि हा सगळा विषय मराठीत आणला. त्याचं ऋण आमच्या पिढीतल्या पुष्कळांवर आहे. ‘आयडेंटिटी’, ‘प्रोनाउन’ असे शब्द ज्याच्या कानावरून कधी गेले नाहीत, अशा बार्शीच्या मुलालाही आपलं दुखणं सांगता आलं पाहिजे.

आमच्या शिकवणीत आम्ही काय शिकवतो? समोरचा ‘मी गेलो’ म्हणतोय की ‘मी गेले’, ते कान देऊन ऐकायचं आणि आपण त्याच्या मागून जायचं. मध्येच बदल झाला तर आपणही बदलायचं, कारण विचारायचं नाही. घरी सांगून टाक, असा आग्रह कधीही धरायचा नाही. खर्च स्वतःचा आहे का, राहायला दुसरी जागा आहे का, परीक्षा कधी आहे, हे आधी बघायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, जीव द्यावासा वाटतोय का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणूस बहुधा मोठा श्वास सोडतो, कारण ज्या शब्दाला सगळे घाबरतात तो दुसऱ्यानं उच्चारलेला असतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही. जवळचं कोण येऊ शकतं ते शोधायचं आणि आमच्या यादीतल्या डॉक्टरांना त्याच वेळी फोन लावायचा. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक देतो. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. गोळ्यांनी माझं वर्ष गेलं म्हणून मी गोळ्यांच्या विरोधात नाही. नैराश्याला औषध लागतं तेव्हा ते घ्यावंच. समलिंगी असण्याला औषध लागत नाही.

स्वयंसेवकांचं काय होतं, हे मात्र अजून नीट सुटलेलं नाही. फोन ठेवल्यावर आठवतं, की तोच प्रसंग आपल्याही घरात घडलेला असतो. आमच्यातला एक चांगला मुलगा वर्षभरात फोन घेईनासा झाला. एक समुपदेशिका आता दर महिन्याला आमच्याशीच बोलतात, तेव्हापासून जरा बरं आहे. त्यांना पूर्ण फी द्यायची आमची ऐपत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असताना तिथला एक तरी माणूस या विषयात तयार असावा आणि आमच्यासारख्या गटांना त्याच्या हाताखाली नाही, तर त्याच्या बरोबरीनं बसवावं, ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करतो. एड्सच्या कामात हे झालंय. तेव्हा जमलं, तर आता का जमू नये?

आईवडील आले की बैठकीचा नूर बदलतो. ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या ४००हून अधिक जणांनी २०२३मध्ये, विवाहाच्या हक्कावर सुनावणी सुरू असताना, सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी तो हक्क मागितला होता. ऑक्टोबरमध्ये निकाल विरोधात गेला. त्या रविवारी आमच्याकडे आलेल्या एक काकू मुलापेक्षा जास्त चिडलेल्या होत्या. “माझ्यामागं याचं कोण?” हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला तत्त्वज्ञानाचं उत्तर चालणार नव्हतं.

त्याचं निदान एका तुकड्याएवढं उत्तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात सापडतं. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येणार नाही हे त्यात लिहिलेलंच आहे. पण कलम १४ फार कमी लोकांना माहीत आहे. प्रौढ माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ठरवू शकतो. मनाच्या आजारपणात आपल्या वतीनं डॉक्टरांशी बोलणारं, निर्णयात साथ देणारं माणूस. ते रक्ताचंच असलं पाहिजे असं नाही. जोडीदार चालतो, मैत्रीण चालते. कागद नसेल तर मात्र नातेवाइकांचा नंबर आधी लागतो, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना नेमकं तेच नको असतं.

म्हणून मागच्या एका बैठकीत आम्ही कोऱ्या कागदांचा गठ्ठाच नेला. बहुतेकांनी झटपट नावं लिहिली. साठी ओलांडलेले एक काका तेवढे पेन हातात घेऊन बसून होते. बायको गेलेली, मुलांना काही माहीत नाही. शेवटी म्हणाले, “माझा राहू दे कोरा.” त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या पोरांनी एकदमच आपापलं नाव सांगितलं. आजारपणात कसे उपचार हवेत ते आधीच लिहून ठेवायच्या आगाऊ निर्देशपत्रात एकाहून जास्त नावं पसंतीच्या क्रमानं लिहिता येतात, असं मी म्हणालो. तेव्हा पहिलं नाव कुणाचं यावरून त्या दोघांत वाद लागला. काकांचा बीपी कुणाला जास्त माहीत आहे, कोणाचं घर जवळ आहे, कुणाकडे गाडी आहे, असं बराच वेळ चाललं. काकांनी दोघांना गप्प केलं आणि पुढच्या बैठकीला आधार कार्डं घेऊन या म्हणून बजावलं.